दोन भावांचा साबण

धारच्या नीलकंठरावांना कीर्तनात सगळ्यांत गोड वाटे ती शंका. पूर्वरंगात बुवांनी ती काढावी आणि उत्तररंगात आख्यान लावून फेडावी. प्रपंचात मात्र त्यांच्या शंका निघत तेवढ्या, फिटत नसत. सध्याची शंका दाढीच्या साबणावर येऊन बसली होती.

त्यांच्या मुलीला, श्रियाला, देवासचं स्थळ आलं होतं. मुलगा, मयुरेश, घरीच दाढीचा साबण करी आणि मोबाइलवरून मुंबई-बंगळूरला एकेक डबी साडेआठशेला विकी.

"साडेआठशे!" नीलकंठराव पत्नीला म्हणाले. "आज गिऱ्हाइकाला गंडवतोय, उद्या पोरीला गंडवेल."

"पोरीला पसंत आहे," प्रमोदिनीबाई भाजी निवडत म्हणाल्या. "देवासला कीर्तनाला निघालाच आहात, तर डोळ्यांनी बघून या. आणि हो की नाही, ते ठरवूनच या. त्या मंडळींना किती दिवस ताटकळत ठेवायचं?"

म्हणून कीर्तनाआधी नीलकंठराव मयुरेशच्या घरी थडकले. मागच्या खोलीत साबण शिजत होता. त्यांनी पातेल्यावर वाकून वास घेतला.

"चरबी घालता?"

"नाही काका. कोकमतेल, नारळाचं तेल."

"आणि हे चंदन? खरं?"

"खरं घातलं तर साडेआठशेत परवडत नाही. अत्तरवाल्याकडचा वास आहे."

उत्तर सरळ होतं, म्हणूनच नीलकंठरावांना ते जास्त खटकलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या सलूनचा कुशल स्टीलचा डबा घेऊन आत आला. "भिया, भर दो. आज दूल्हेवाले आ रिये हैं." मयुरेशने त्याच पातेल्यातला साबण डब्यात ओतला आणि दोनशे रुपये घेतले. डबीच्या तिप्पट तरी साबण होता तो.

कुशल गेल्यावर नीलकंठरावांनी उपरणं सावरलं. "माल एक, भाव दोन. याला काय म्हणायचं?"

"डबी, कुरिअर, फुटून परत आलेला माल, हे सगळं त्या भावात आहे," मयुरेश म्हणाला. "पण एवढंच नाही, काका. आधी डबी अडीचशेला ठेवली होती. कोणी घेईना. म्हणायचे, इतकी स्वस्त, म्हणजे नकली असणार. भाव वाढवला आणि खपायला लागली."

"म्हणजे लोकांच्या संशयावर तुमचा धंदा चालतो."

"थोडाफार. डबा घेऊन देवासला आलं की दोनशेत मिळेल, असं विचारणाऱ्याला सांगतो. कोणी विचारतच नाही."

"मी आज विचारलं नसतं तर?"

"तुम्ही येणार, हे मला कालच कळलं होतं. कुशल भियाला उद्या ये म्हणता आलं असतं."

नीलकंठरावांची शंका उलट वाढली. माणूस खरं बोलतोय की खरं बोलण्यातही पटाईत आहे? त्यांनी शेवटची परीक्षा घ्यायचं ठरवलं. आता हा एक डबी फुकट हातावर ठेवेल, आणि ठेवली की हे स्थळ संपलं.

"मलाही एक डबी द्या."

मयुरेशने डबी काढली, पुसली. "साडेआठशे, काका."

"मला? मुलीच्या बापाला?"

मयुरेशचे कान लाल झाले, पण हात पुढेच राहिला. "तुम्हाला फुकट दिली असती तर तुम्ही घरी जाऊन काय म्हणाला असता?"

नीलकंठरावांनी पिशवीतून पैसे काढले, डबी घेतली आणि झाकण उघडून पुन्हा एकदा वास घेतला.

"महाग आहे," ते म्हणाले. "रविवारी आईवडिलांना घेऊन धारला या. जेवायलाच या."