अंगणाचा कौल

भिकाजी गुरवाने दोन ओल्या पाकळ्या सातेरीदेवीच्या पाषाणाला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि गाऱ्हाणे घातले.

"बाय माझे माये, कृष्णनाथाच्या अंगणातला सिमेंट फोडूचा काय नको, तुझो कौल दी. फोडूचा आसात तर उजवी दी."

कृष्णनाथाची बायको देवकी हात जोडून उभी होती, पण नजर सारखी बाहेर, भरून आलेल्या आभाळाकडे जात होती. लेकीच्या, सुमंगलेच्या लग्नात मांडवासाठी अंगणात सिमेंट घातले. तेव्हापासून तिथे थेंब मुरत नव्हता. छपराचे, अंगणाचे सगळे पाणी एका धारेने खालच्या ओढ्यात, व्हाळात, उडी घेई. काठ ढासळू लागले होते. काल व्हाळाकाठची पद्मावतीकाकी येऊन गेली.

"देवकी गो, तुझ्या अंगणान माझ्यो दोन पोफळी खाल्ल्यान. आता तिसरी वाकली. गोरवापरीस खादाड मगे ह्या अंगण!"

काकी हसली होती. चहाला मात्र थांबली नाही.

कृष्णनाथ ऐकेना. लेक ज्या जागी मांडवाखाली बसली, ती जागा तिला सातवा महिना असताना फोडायची? देवी उजवी देईल तर बघू, म्हणाला.

डावी पाकळी सुटली आणि खाली पडली.

"आई नको म्हणता," भिकाजी हळू बोलला. "वायच थांब. लेकीचा बाळंतपण जावंदे."

"तवसर पावसाळो सरतलो. पोफळ उभी रवात?"

भिकाजीने तीर्थ पुढे केले. कौल ज्याचा त्याच्याजवळ. गुरव बाहेर बोलत नसतो.

परतताना देवकी व्हाळाशी थांबली. लाल पाणी पोफळीच्या उघड्या मुळांत घुसत होते. ती पुढे निघाली, पुन्हा मागे वळली, मग झपाझप घर गाठले.

"काय जाला?" कृष्णनाथाने सोप्यावरून विचारले.

तिने छत्री मिटली, उघडली, परत मिटली.

"उजवी."

"बरा बघितलंस मगे?"

"बघितलंय."

तो पहार घेऊन उतरला. पागोळ्या पडत तिथे सिमेंट फोडून त्याने चर खणला, त्यात दगडगोटे भरले. मधले सिमेंटही जागोजाग उकलले. देवकी तुकडे वाहत होती. पहारीच्या प्रत्येक घावाला तिचे खांदे आक्रसत.

दिवेलागणीला पाऊस कोसळला. पाणी चरात घुमले आणि तिथेच जिरले. व्हाळाकडे गेली ती बारीकशी ओघळ.

"बघ," कृष्णनाथ खूश झाला. "सातेरी आवयक सगळा कळता. माकाच धीर नाय होतो."

जेवायला त्याचे एकट्याचेच पान होते.

"आज कसलो उपास गो?"

"एक वेळच जेवतलंय. सुमंगला बाळंतपणातून सुटापर्यंत."

"नवस बोललंस? तिका फोन करून सांगतंय. बरा वाटात पोराक."

देवकी भात वाढू लागली. त्याने पुरे म्हणून हात आडवा धरला, तरी ती वाढतच राहिली.