झोक्याच्या फांदीवरचे होले

वच्छलाबाईच्या पत्राला गिरधर नानांनी उत्तर दिलं नाही, त्याला येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन वर्षं होणार होती.

पत्र कुठे हरवलं नव्हतं. कपाटात, चष्म्याच्या जुन्या घराखाली ते जसंच्या तसं होतं. आंतरदेशीय पत्राचा निळा कागद, वरणगावच्या पोस्टाचा शिक्का आणि चौथीपर्यंत शिकलेल्या बहिणीचं मोठ्या मोठ्या अक्षरांतलं लिहिणं. नानांना ते पाठ झालं होतं. ‘तीर्थरूप भाऊस, वच्छलाबाईचा नमस्कार. मला कानाने ऐकू येत नाही म्हणून फोन करत नाही. वहिनी गेल्यापासून तू काय जेवतोस ते कळव. आखाजी जवळ आली.’ इथपर्यंत तिनं शाळेतल्यासारखं नीट लिहिलं होतं. मग तिचा धीर सुटला असावा, कारण शेवटची ओळ घरच्या बोलीत होती. ‘भाऊ, आखाजीले येवू का?’

एवढंच विचारलं होतं तिनं. हो म्हणायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

नाना फैजपूरला एका वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर धुळ्यात देवपूरला घर बांधून राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं वाचून त्यांना स्वतःच्या वाक्याची धास्ती बसली होती. त्या वर्षी त्यांनी उत्तराचे सात मसुदे लिहिले. एकात ‘प्रिय भगिनी’ होतं, ते त्यांनाच नाटकी वाटलं. एकात ‘तुझ्या वहिनीच्या पश्चात’ असं सुरू होऊन दोन पानं झाली आणि आखाजीचा विषयच आला नाही. सातवा फाडून टाकला तोवर आखाजी उलटून गेली होती. मग उशीर का झाला हे लिहिणं आलं, ते मूळ उत्तरापेक्षा अवघड. पुढे पुढे तर भाच्याच्या, म्हणजे वच्छलाबाईच्या मुलाच्या, वरणगावातल्या नव्या घराच्या वास्तुशांतीलाही पाठदुखीचं निमित्त करून ते गेले नाहीत. बहिणीसमोर उभं राहायचं कोणत्या तोंडानं?

पण खरी अडचण वाक्यांची नव्हती, आणि हे नानांनाही माहीत होतं.

सुभद्राबाई, म्हणजे नानांची बायको, पत्राच्या आधीच्याच माघात गेली. तिच्या तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना नात्यातली एक म्हातारी भिंतीला टेकून म्हणाली होती, “वच्छलाबाईनं माहेर सरनं आते. घरमा बाई नही, ते लेकीबाळीनी ओटी कोन भरी?” वच्छलाबाई तिच्या शेजारीच बसली होती. आपलं माहेर संपलं म्हणतायत हे तिला ऐकू आलं नाही. आपल्याशी कुणीतरी काही चांगलं बोलतंय असं समजून तिनं मान डोलावली. ते मान डोलावणं नानांच्या काळजात रुतून बसलं.

खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते ती अशी तशी येत नाही. भाऊ तिला न्यायला जातो. परत निघताना भावजय तिची ओटी भरते, तांदूळ, खण, नारळ. सुभद्राबाई होती तोवर नाना दरवर्षी आदल्या दिवशी एसटीनं वरणगावला जात आणि बहिणीला घेऊन येत. अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधलेला असे. गल्लीतल्या पोरी रांग लावून उभ्या असल्या तरी पहिला झोका पासष्टीच्या वच्छलाबाईचा. ती पदर खोचून फळीवर बसायची आणि सुभद्राबाई मागून ढकलायची, दोघी हसून हसून बेजार व्हायच्या. आता तिला बोलवायचं आणि रिकाम्या पदरानं परत पाठवायचं? त्यापेक्षा न बोलावलेलं बरं, असं नानांनी स्वतःला समजावलं. समजावलं म्हणजे पटलं होतं असं नाही.

यंदा पाडव्यानंतर चारच दिवसांनी त्या निंबावर होल्यांची, म्हणजे कबुतरापेक्षा लहान करड्या-तांबूस पाखरांची, जोडी आली.

नाना गच्चीच्या जिन्यावर चहा घेऊन बसत. तिथून सकाळी निंबाची खालची आडवी फांदी डोळ्यांसमोर येई. दरवर्षी झोक्याचा दोर घासून घासून त्या फांदीची साल जिथे झिजली होती, नेमकं तिथे एक होला काड्या आणून टाकत होता. दुसरा बसून त्या अंगाखाली सारत होता. काड्या तरी किती, वीस-पंचवीस. खालून पाहिलं तर घरट्यातून आभाळ दिसावं. एवढ्या ढिसाळ कामावर अंडी कशी टिकणार, म्हणून नानांचा जीव खालीवर होऊ लागला. सहाव्या दिवशी दोन पांढरी अंडी दिसली आणि नाना जिन्यावरून पाय न वाजवता उतरायला शिकले.

गल्लीतल्या अंगणवाडीच्या ज्योत्स्नाताई आखाजीआधीच्या गौराईच्या दिवसांत चार-पाच पोरींना घेऊन फाटकाशी आल्या. समोरच्याच घरात राहणारी, चाळिशीतली, तोंडानं फटकळ बाई. “नाना, औंदा झोका नही का? बठ्ठ्या पोरी वाट देखी ऱ्हायन्यात.” नानांनी ओठांवर बोट ठेवून फांदी दाखवली. पोरींची तोंडं उतरली. नाना इतके ओशाळले की त्यांनी दोनदा माफी मागितली आणि घरातली बिस्किटं आणून दिली. ज्योत्स्नाताई म्हणाल्या, “पाखरांसाठी पोरींना परत पाठवणारा खानदेशातला पहिला माणूस तुम्ही.” पण लगेच पोरींकडे वळून त्यांनीच दुसरी सोय लावली. गल्लीच्या टोकाला अर्धवट बांधलेल्या घराच्या लोखंडी तुळईला झोका बांधला गेला.

दुपारी ऊन बेचाळीसवर गेलं. नानांना वाटलं, पाखरं तहानली असतील. त्यांनी मातीची परळ पाण्यानं भरून कण्हेरीच्या ताटव्याजवळ ठेवली. होला पाण्यावर उतरू लागला. मान खाली घालून, चोच न उचलता तो एकसारखं पाणी ओढायचा. नाना ते पाहून खूश होत. सुभद्राबाई गेल्यानंतर आपल्या हातून कुणाला काही मिळतंय, असं त्यांना बऱ्याच दिवसांनी वाटलं.

अंडी फुटली. पिवळसर लव असलेले, डोळे मिटलेले दोन गोळे. आई-बाप आळीपाळीनं बसत. एक दिवसभर, एक संध्याकाळपासून. पिल्लं त्यांच्या घशात चोच खुपसून काहीतरी पीत. नानांनी कपाटातलं पक्ष्यांचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की होल्यांच्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पांढरा रस तयार होतो, आणि तो नराच्याही गळ्यात होतो नि मादीच्याही. नानांनी ते वाक्य दोनदा वाचलं. बापाच्या गळ्यात दूध. त्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीनं काही लिहावंसं वाटलं, पण आपण काय लिहिणार, म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं.

आखाजीला सहा दिवस राहिले असताना सकाळी नाना परळीत पाणी घालायला गेले तर कण्हेरीखाली पिसं पडलेली. करडी, तांबूस, काही जागच्या जागी हलणारी. ताटव्याच्या आत माती उकरल्यासारखी झाली होती. कुठलं तरी मांजर तिथे दबा धरून बसलं होतं, आणि बसायला जागा नानांनीच करून दिली होती. परळ त्यांनी आडोशाला ठेवली होती, सावली राहावी म्हणून.

ते जिन्यावर जाऊन बसले. चहा केलाच नाही. घरट्यात पिल्लं एकटीच होती. दुसरा होला कुठेच नव्हता. आठ वाजले, दहा वाजले. आपण कुणाचं भलं करायला जातो आणि काय होतं, हा नानांचा जुनाच विचार, तो आता पिसांसकट समोर येऊन पडला होता. अकराला त्यांनी कुंपणापाशी जाऊन ज्योत्स्नाताईंना हाक मारली, ही त्यांच्या दृष्टीनं मोठीच गोष्ट होती. शिडी लावून पिल्लं खाली काढतो, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजतो, असं ते म्हणू लागले.

ज्योत्स्नाताई आल्या, पिसं पाहिली, फांदीकडे पाहिलं. शिडीला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. माणसाच्या हातची पिल्लं वाचत नाहीत, आणि दुसरं पाखरू झाडाखाली माणूस पाहून लांब बसलं असेल तर? मग त्यांनीच परळ उचलून अंगणाच्या मधोमध, उघड्यावर नेऊन ठेवली आणि नानांना हाताला धरून घरात आणलं.

दोघं खिडकीतून बघत बसले. पंख्याचा आवाज तेवढा होता. बाराच्या सुमारास होला आला. आधी तारेवर बसला, मग फांदीच्या टोकाला, मग इकडे तिकडे बघत घरट्याशी. पिल्लांनी त्याच्या घशात चोची घातल्या. त्याची मान वरखाली होत राहिली, बराच वेळ.

“आई गेली का बाप गेला?” ज्योत्स्नाताईंनी विचारलं.

नाना पुस्तक घेऊन आले, पान काढलं, पुन्हा खिडकीतून पाहिलं. नर-मादी दिसायला सारखेच, असं पुस्तकात होतं. तीन आठवडे ते रोज बघत होते आणि कोणता कोण हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांनी तसं कबूल केलं.

ज्योत्स्नाताई हसल्या. “पिल्लासले काय त्येनं, नाना? चोच भरनी म्हंजे झायं.”

त्या सहज बोलल्या आणि स्वयंपाक राहिलाय म्हणून उठल्याही. नाना मात्र उठले नाहीत. त्यांनी ज्योत्स्नाताईंना थांबवलं आणि खाली बघत, अडखळत, पत्राचं सांगितलं. वच्छलाबाईचं, तेराव्याचं, त्या म्हातारीच्या बोलण्याचं. तीन वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना ते इतके हळू बोलत होते की ज्योत्स्नाताईंना पंखा बंद करावा लागला.

नाना वाट पाहत होते की त्या म्हणतील, ओटी मी येऊन भरते. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “तुमच्या बहिणीनं ओटी मागितली होती का?”

नानांनी पत्र आठवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आठवलं. ओटीचा शब्द त्यात नव्हता. तू काय जेवतोस ते कळव, एवढं तिनं विचारलं होतं, आणि येऊ का. ओटी त्यांनीच मध्ये आणली होती. तीन वर्षं ती बाई वरणगावला आखाजीच्या आदल्या दिवशी दारात बसून राहिली असेल, भाऊ न्यायला येतो का बघत, आणि इकडे नाना तांदूळ कुणाच्या हातानं पदरात पडावेत याचा घोळ घालत बसले होते.

“ती आता येईल का?” त्यांनी विचारलं.

“ते मला काय विचारता? तिला विचारा.” एवढं बोलून ज्योत्स्नाताई गेल्या.

घरी लिहायला बसलो तर आठवा मसुदा होईल हे नाना ओळखून होते. म्हणून त्यांनी कागद घेतलाच नाही. डोक्याला उपरणं गुंडाळलं, चष्मा घेतला आणि भर उन्हात पोस्टात गेले. खिडकीवर गर्दी नव्हती. आतला कारकून चुडामण त्यांच्या ओळखीचा, कारण पुस्तकांची पार्सलं नानांइतकी देवपुरात कुणाला येत नसत. त्याच्याकडून त्यांनी एक आंतरदेशीय पत्र घेतलं आणि डिंकाची बाटली ठेवलेल्या फळीवर उभ्यानंच लिहायला सुरुवात केली.

पहिली ओळ लिहायला घेतली. ‘प्रिय’ लिहायचं की ‘चिरंजीव’, तिथेच अडायला झालं. मग त्यांनी नुसतं ‘वच्छलाबाई’ लिहिलं.

‘वच्छलाबाई, तुझं पत्र मिळालं होतं. उत्तर दिलं नाही ही माझी चूक. सकाळी भाकरी आणि पिठलं करतो, संध्याकाळी खिचडी. पिठलं आता बरं होतं. पुरणाचे मांडे मला येत नाहीत, ते विकत आणीन. यंदा आपल्या निंबाला झोका नाही, फांदीवर होल्यानं घर केलंय, पिल्लं लहान आहेत. पण तू झोक्यासाठी येत नव्हतीस हे मला माहीत आहे. घरात ओटी भरायला बाई नाही. मीच भरीन. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. तुझी वाट पाहण्याचा मला हक्क राहिलेला नाही, तरी पाहतो.’

इथे जागा संपत आली. खाली दोन बोटं राहिली होती. नानांनी तिथे, इतक्या वर्षांत कागदावर कधी उतरवली नव्हती त्या घरच्या बोलीत, आपण न्यायला येऊ असं लिहिलं, ‘आखाजीले ये. मी लेवाले येसू.’

त्यांनी पत्र वाचून पाहिलं नाही. वाचलं असतं तर ‘हक्क’ हा शब्द त्यांनी नक्की खोडला असता. घडी घातली, कडांना डिंक लावला, भाच्याच्या घराचा पत्ता लिहिला. दारातल्या पेटीकडे गेले आणि परत फिरून खिडकीशी आले.

“पेटीतच टाका की, नाना,” चुडामण म्हणाला. “साडेतीनला काढतोच आम्ही.”

साडेतीनला दोन तास होते. दोन तासांत आपण येऊन पेटीजवळ उभे राहू आणि पत्र परत मागू, हे नानांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी पत्र खिडकीतून आत सरकवलं आणि मान खाली घालून म्हणाले, “माझ्यासमोर शिक्का मारशील का? तेवढं काम कर.”

चुडामणनं त्यांच्याकडे पाहिलं. शिक्का उचलला, काळ्या गादीवर दाबला आणि पत्रावर मारला. मग पत्र बाजूला न ठेवता, उठून, भुसावळ-वरणगावकडे जाणाऱ्या पिशवीत टाकलं.