घोड्याचं घर

मला नाक खुपसायचा पगार मिळतो. इंटरनेटवर बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीत मी लबाडी शोधते. खेळता खेळता कुणी शेजारच्या स्क्रीनवर संगणकाला चाली विचारतोय का, हे त्याच्या चालींवरूनच ओळखायचं. खेळाडूंची नावं आमच्यापासून झाकलेली असतात, समोर येतो तो नुसता डाव. तोंड न बघताही मला माणूस कळतो, असा माझा आपला समज आहे.

त्या दिवशीचा डाव ज्येष्ठांच्या संघनिवडीचा होता. जिंकणाऱ्याची संघातली जागा पक्की, आणि लबाडी सिद्ध झाली तर कायमची बंदी. पांढऱ्याची चाल न् चाल संगणकाशी जुळत होती. शेवटी मात्र त्याचं प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं आणि या गृहस्थांनी त्याचा वजीर करायचा सोडून घोडा केला. वजीर केला असता तर तिथेच मात होती. जिंकले ते तरीही, पण उगाच द्राविडी प्राणायाम करून.

साहेबांनी डाव पाहिला आणि हात झटकले. संगणकाला विचारणारा माणूस असली चूक कशाला करेल, म्हणाले. हा स्वतःच्याच डोक्याने खेळतोय, सकाळी निर्दोष म्हणून पाठवून द्या.

बोलणं बिनतोड होतं. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. चुकायचंच होतं तर घोडाच का? हत्ती का नाही, उंट का नाही? मी पुन्हा पट उघडला. प्यादं पोचलं होतं ते कोपऱ्याशेजारच्या घरात, आणि डाव सुरू होताना त्या घरात घोडा उभा असतो.

माझा चहा तसाच राहिला. आमच्या घरी बाबांचा नियम होता : प्यादं ज्याच्या घरात पोचेल, तेच त्याने व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. राजाच्या घरात पोचलं तर वजीर, कारण एका घरात दोन राजे नांदत नाहीत. बाहेर सगळीकडे हवं ते करता येतं, हे मला नि दादाला शाळेत हरल्यावर कळलं. आणि दादा याच निवड स्पर्धेत खेळत होता. एक प्यादं पार पोचवून आपण जिंकलो, असं त्याने कालच फोनवर सांगितलं होतं.

हा नियम आणखीही कुणाच्या घरी असेल, असं मनाला बजावत मी संध्याकाळी त्याच्याकडे गेले. दार वहिनीने उघडलं. आजारपणानंतर दादा खिडकीशी बसून असायचा, दाढीचीही शुद्ध नसायची. संघात जागा मिळणार म्हटल्यापासून रोज उठून तयार होतो, हे सांगताना तिचा चेहरा इतका उजळला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

पण चौकसपणा माझ्या हाडीमासी खिळलेला. मी बाबांचा लाकडी पट काढला, थोडी मोहरी मांडली, एक प्यादं घोड्याच्या घराच्या अलीकडे ठेवलं आणि दादाला म्हटलं, खेळ. त्याने पटाकडे पाहिलं, प्यादं पुढे सारलं आणि सरळ वजीर उचलून त्याच्या जागी ठेवला.

बाबांनी कान उपटला असता, मी म्हटलं. दादा हसला. तो नियम बाबांबरोबरच गेला, आता घोडा कोण करतंय, म्हणाला.

"तू केलास," मी म्हटलं.

त्याचं हसू मावळलं. खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नाही, त्याचे कान आधी लाल होतात.

"दादा, पटाकडे बघतोस तेव्हा तू वजीरच करतोस. त्या दिवशी कुठे बघत होतास?"

त्याने नजर खिडकीकडे वळवली, आणि मला उत्तर मिळालं. संगणक बाण काढून दाखवतो, कुठलं मोहरं कुठल्या घरात न्यायचं. पार पोचलेल्या प्याद्याचं काय करायचं, ते बाणात दिसत नाही. दादाचे डोळे बाणावर होते, डोकं सुट्टीवर होतं, आणि हाताने लहानपणी शिकलेलं तेवढं केलं. साहेबांनी ज्याला विचार मानलं, तिथेच विचार नव्हता.

"पुढचं दिसेनासं झालंय गं," तो शेवटी म्हणाला. "दोन चाली गेल्या की सगळं पुसट. म्हटलं, एकदाच विचारू. मग सुटलंच नाही."

मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही न करता मी सांगितलं की सकाळी साहेबांना सगळं सांगावं लागेल. हा माझा भाऊ आहे हेही, आणि घोड्याचा खरा अर्थही. त्याने मान डोलावली. मग पटावरचा वजीर उचलून बाजूला ठेवला आणि त्या घरात घोडा आणून उभा केला.

"सांग," तो म्हणाला. "पण त्यांना एवढं लिहायला लाव. अख्ख्या डावात ही एकच चाल माझी होती."

मी बरं म्हटलं. आतून वहिनीने विचारलं, कोण जिंकतंय.