आचाऱ्याच्या बायकोचं जेवण

तीस वर्षं तो मालवाहू जहाजावर आचारी होता. रोज बावीस खलाशांची पानं वाढायची. बंदर बदललं की सॉस बदलायचा. कधी लोणी, लिंबू आणि पांढरी मिरी, कधी सोया सॉस आणि आलं, तर कधी नारळाच्या दुधात गवती चहा. "मासा तोच, नुसते कपडे बदलायचे," असं तो हसत म्हणायचा.

वर्षातून दोन महिने घरी आला की स्वयंपाकघराचा ताबा त्याचाच, आणि पानात रोज मासा. बायको शिवणयंत्र बंद करून जेवायला बसायची आणि म्हणायची, "छान झालंय." निवृत्त झाल्यावर त्याला वाटलं, आता हिला रोज असं खाऊ घालू.

वर्ष उलटलं नाही तोच तिच्या पोटाचं दुखणं निघालं. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता पथ्यबिथ्य सोडा. आवडेल ते खाऊ द्या." त्याचा अर्थ दोघांनाही कळला.

आचाऱ्याने कंबर कसली. सकाळीच ताजा मासा आणायचा, खवले काढायचे, बारीक काटे चिमट्याने उपटायचे. एक दिवस टोमॅटो आणि ऑलिव्हचा सॉस, दुसऱ्या दिवशी साय आणि मोहरीचा. ती एक घास घ्यायची आणि बशी सरकवायची. तो सॉस गाळून घ्यायचा, व्हिनेगर थेंबाथेंबाने घालायचा. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

एके दुपारी मेहुणी आली. ओट्यावरची बशी बघून म्हणाली, "भाऊजी, हे कोणासाठी?"

"तुझ्या ताईसाठी."

"ताई कुठे मासे खाते? लहानपणापासून तिला वासानेच मळमळतं."

तो हसला. मेहुणी हसली नाही, तसा तो आतल्या खोलीत गेला.

"अगं, ही काय म्हणतेय?"

बायको भिंतीकडे बघत म्हणाली, "खरं आहे ते."

"मग इतकी वर्षं?"

"दोन महिन्यांचे पाहुणे तुम्ही. त्यात कुठे तोंड वाकडं करायचं? मग सांगायचं राहूनच गेलं."

"अगं, निदान आता तरी सांगायचंस!"

"इतकं मन लावून करत होता. वाटलं, तुमच्याही हाताला काहीतरी काम हवंच ना."

तो कॉटच्या कडेला बसला. त्याने विचारलं, "तुला काय आवडतं?"

"मऊ भात. मीठ घालून."

बावीस जणांचा भात डोळे मिटून करणाऱ्याचा हा वाटीभर भात खाली लागला. त्याने पुन्हा केला. तिने चार चमचे खाल्ले आणि म्हणाली, "मीठ जरा जास्त झालंय." तीस वर्षांत तिने काढलेली ही पहिली खोड.

त्यानंतर ती नऊ दिवस होती. शेवटचे दोन दिवस भातही घशाखाली उतरला नाही.

येणारे-जाणारे आले, गेले. मेहुणीही परतली. मग एका दुपारी भूक आवरेना, तेव्हा त्याने फ्रीजरमध्ये उरलेली माशाची एक तुकडी काढली आणि लोणी-लिंबाचा सॉस केला. टेबलाशी एकटाच बसून त्याने ती संपवली. चव अगदी जमली होती, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.