अठरा तासांचं विमान

मुडबीत कुणी गावाला निघालं की ते माणूस पोचेपर्यंत घर झाडायचं नसतं. बीदरला गेलेला दोन तासांत पोचतो, पुण्याला गेलेला रातभरात. तेवढा कचरा कुठलंही घर सोसतं. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात टोरांटो आलं नव्हतं.

बसवराजच्या डोक्यात आलं होतं. "हैदराबादहून तेरा हजार किलोमीटर. विमान अठरा तासांचं," असं त्यानं बायकोला, उमादेवीला, ठणकावून सांगितलं. मुडबी ते हैदराबाद, तिथल्या रांगा, मधे विमान बदलायला लागणारा वेळ, हे त्यानं धरलंच नव्हतं. जमिनीवर जे घडतं ते विमानाच्या प्रवासात कशाला धरायचं?

लेक भुवनेश्वरी शिकायला म्हणून सोमवारी दुपारी निघाली. निरोपाला आलेल्या चाळीस माणसांनी चुरमुरे आणि भुईमुगाच्या शेंगा मनापासून खाल्ल्या. उमादेवी तेवढी आत पाठ करून बसली होती. पोरीनं एवढ्या लांब जाऊ नये म्हणून तिनं महिनाभर अबोला धरला होता. भुवी पाया पडली तेव्हाही तिच्या तोंडून शब्द निघाला नाही.

मंगळवारी सकाळी बसवराजनं केरसुणी उचलली.

"ठिवा ती खाली," उमादेवी म्हणाली. "पोचली न्हाई अजून."

"तू तर बोलत न्हाईस तिच्याशी."

"बोलत न्हाई म्हणून झाडू व्हय?"

बसवराजनं केरसुणी ठेवली.

दुपारी भुवीचा मेसेज आला. मधल्या विमानतळावर धुकं, पुढचं विमान आज रात्री. बसवराजनं नकाशा पाहिला आणि तोडगा काढला. "पाव वाट झाली की. पाव घर झाडू. निदान सैपाकघर."

उमादेवीनं खरंच विचार केला. "आन् अर्धवट झाडलं म्हणून विमान अर्ध्यातच उतरलं मंजी?"

बुधवारी शेजारची लिंगम्मा ताक मागायला आली आणि उंबऱ्यातच थबकली. "उमक्का, घरात पेरणी करायलीस का गं?" तिच्या मागून तिची शेळीही आली. तिला मात्र घर फार आवडलं. शेळीनं शेंगांची टरफलं खाल्ली तर ते झाडल्यात धरायचं का, यावर दोघी बराच वेळ बोलल्या. शेवटी शेळीला बाहेर काढलं.

दुपार कलताना फोन वाजला.

"अप्पा, पोचले. खोलीवर आले."

"पोचली!" बसवराज आतल्या बाजूला तोंड करून ओरडला.

उमादेवी उठली, कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि वाकून झाडायला लागली. खर्र, खर्र.

"आवाज कसला येतोय, अप्पा?"

"तुझी अव्वा घर झाडायलीय."

"या वेळेला?"

"सोमवारपासनं आत्ताच."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "अव्वाला द्या की."

उमादेवीनं केरसुणी न सोडताच फोन कानाला लावला.

"येताना जवळचं विमान बघ गं," ती म्हणाली. "घरात पाय ठिवाय जागा न्हाई."

पलीकडून काय उत्तर आलं ते बसवराजला ऐकू आलं नाही. उमादेवी टरफलांतच खाली बसली आणि विचारायला लागली, खोलीला खिडकी हाय का, दाराला कडी हाय का, शेजारी कोण हाय. बसवराजनं तिच्या हातातली केरसुणी हळूच काढून घेतली आणि बोलण्यात आवाज येऊ नये अशा बेतानं उरलेलं घर झाडायला घेतलं.