लांबून घेणारी लेन्स

"ह्याच्यात मानसाचा गळा येतो का?" आत्यांनी विचारलं, तेव्हा दुकानदाराच्या हातातली लेन्स हातातच राहिली.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सत्यभामा. औरंगपुऱ्यातल्या त्या दुकानात शिरल्यापासून त्या आमच्या लेकीला, करुणाला मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसल्या होत्या. वाद आम्हा नवरा-बायकोचा चालला होता. डीएसएलआर कॅमेऱ्याची साधी बॉडी आणि तिच्यासोबत येणारी छोटी लेन्स ठरली होती. वर आणखी एकच घेता येणार होती. अभयला पक्ष्यांसाठी लांबची झूम हवी होती. मला पन्नास एमएमची, कमी उजेडात चालणारी, कारण आमच्या गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये भरदुपारी दिवा लावावा लागतो आणि मोबाइलच्या फोटोत आमची लेक म्हणजे नुसता धावता पुसट ठिपका असते. दुकानदार शंतनू अभयच्या ओळखीचा. तो म्हणाला, वहिनी, घरातल्या उजेडाला पन्नासच. पण तिनं पक्षी काढायला जाल तर झाडच येईल. अभय म्हणाला, करुणा तरी कुठं एका जागी बसते, तिलाही पक्ष्यांचीच लेन्स लागणार. आम्ही हसलो. मग आत्यांनी ते गळ्याचं विचारलं आणि अभयचं हसू गेलं.

शंतनूला काय कळणार. मला कळलं.

आमच्या बैठकीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली मामांचा फोटो आहे. मामा, म्हणजे माझे सासरे बन्सी, काविळीनं गेले तेव्हा अभय पाळण्यात होता. देवगाव रंगारीत त्यांचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघालेला, कुणाच्या तरी लग्नातला. शेवटच्या ओळीत डाळीच्या दाण्याएवढा चेहरा, आणि हनुवटीखाली पुढच्या माणसाचा फेटा. स्टुडिओवाल्यानं तो दाणा मोठा केला आणि खाली काळा कोट, टाय रंगवून दिला. विहिरी खोदणारा माणूस साहेब होऊन भिंतीवर आला. त्या साहेबाच्या नजरेखाली आत्यांनी अंगणवाडीत मदतनिसाची नोकरी केली, अभयला शिकवलं.

एकदा दुपारी मेथी निवडताना त्यांनी मला सांगितलं होतं, की मामांच्या गळ्यावर लहानपणी भाजल्याचा चट्टा होता.

"डाव्या अंगाला का उजव्या, तेच ध्यानात येत नाय बघ आता," त्या म्हणाल्या. "सपनात येतेत ते कोट घालूनच. मी उठून खुर्ची देते. मला वळखीतच नायत."

आणि त्यांनी पुढची जुडी सोडली. त्या दिवसापासून बैठकीतून जाताना मी भिंतीकडे बघायचं टाळते.

शंतनू बिचारा म्हणाला, मावशी, गळा काय, गळ्यावरचा तीळसुद्धा येतो, थांबा दाखवतो. त्यानं पन्नासची बसवून कॅमेरा डोळ्याला लावला मात्र, आत्यांनी डोक्यावर पदर ओढला, पाठ ताठ केली, चेहरा एखादं दार लावून घ्यावं तसा लावून घेतला. त्यांचा आधार कार्डावरचा फोटोही असाच आहे. शंतनूनं स्क्रीन त्यांच्यापुढं धरली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"ही कोन बाई?" त्या म्हणाल्या. मग अभयला, "हे नगं. लांबून घेनारं घे. मला कळायला नगं घेतलेलं. माझ्या मागं माझ्या नातीला भिंतीवर भलतीच बाई नगं."

अभय पाकिटात काहीतरी शोधू लागला. पन्नासची लेन्स मीच काउंटरवरून शंतनूकडं परत सरकवली.

जानेवारीत आम्ही नाथसागरावर गेलो. अभयनं रोहित पक्ष्यांचे मनसोक्त फोटो काढले, मग करुणाला भूक लागली म्हणून तिला घेऊन गाडीकडं गेला. कॅमेरा माझ्या गळ्यात. आत्या लांब, ओल्या गाळाच्या कडेशी एकट्या उभ्या होत्या. मी झूम पूर्ण ओढली आणि त्या एकदम हाताशी आल्या.

त्या बोलत होत्या.

वारा उलटा होता, आवाज पोचत नव्हता. ओठ हलायचे, थांबायचे. मग मान किंचित वर करून त्या ऐकायच्या, आपल्यापेक्षा उंच माणसाचं ऐकावं तसं. शेजारी पाण्याशिवाय काही नव्हतं. बोलता बोलता त्यांचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. विचारल्यासारखा. पदर खांद्यावर घसरला होता, चेहऱ्याचं दार सताड उघडं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आलेल्या मुलीसारख्या दिसत होत्या.

मी कॅमेरा जरा उजवीकडं नेला. आत्यांना मधोमध घेतलं तर शेजारचा माणूस कापला जाईल, असं वाटलं मला. कोण माणूस? पण तोवर बटण दाबून झालं होतं.

गाडीत मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी आपला चेहरा पाहिलाच नाही. बोट स्क्रीनवरच्या पाण्यावर ठेवून त्या म्हणाल्या,

"ह्यात मी एकलीच आले व्हय?"

"हो, आत्या."

"बरं."

बिडकीन मागं पडलं. करुणा त्यांच्या मांडीवर झोपून गेली होती. काय विचारत होतात, उत्तर मिळालं का, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

फोटो मोठा छापून आणला आणि फ्रेम करायला आत्याच माझ्यासोबत आल्या. फ्रेमच्या दुकानातल्या सुरेखाला तो फार आवडला. मावशी, किती खऱ्या दिसता, म्हणाली. मग तिनं कागदावर पोलादी पट्टी ठेवली. ह्या बाजूला नुसतं पाणीच आहे, एवढं कापते, म्हणजे तुम्ही बरोबर मधोमध याल आणि फ्रेमही नेहमीच्या मापाची बसेल, असं तिनं समजावलं. तिनं कटर उचललं.

आत्यांनी आपला तळवा त्या पाण्यावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे, माय," त्या म्हणाल्या. "तेवढी जागा ऱ्हाऊ दे."

सुरेखानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिनं पट्टी उचलली, कटर मिटलं, मोठ्या मापाची फ्रेम शोधायला ती आत गेली. तरी आत्यांचा तळवा तिथून उठेना.