काट्यांनी आठ, टोल्यांनी सात

मित्रांनो, मी एक जुनं टोल्यांचं घड्याळ आहे. सतरंजीत गुंडाळून मला जालन्याहून घनसावंगीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत आणलं, तेव्हा सारं गाव बघायला लोटलं होतं. मी जरा फुगलोही होतो.

तबकडीवरचे काटे आणि पोटातली टोल्यांची मोजणी, ही दोन्ही माझ्यात जुळलेली लागतात. म्हणून रामराव गुरुजींनी रीत घालून दिली होती. वेळ बदलायची तर मोठा काटाच हळूहळू पुढे न्यायचा आणि प्रत्येक तासाला माझे टोले पुरे होईपर्यंत थांबायचं. छोट्या काट्याला बोट लावायचं नाही. काम कंटाळवाणं खरं, पण त्याने आतलं-बाहेरचं एक राही.

१९७४च्या जुलैत शिपाई तातेराव किल्ली द्यायला विसरले आणि पहाटे मी तासभर बंद पडलो. त्यांना झाडलोटीची घाई होती. त्यांनी किल्ली दिली आणि छोटा काटा बोटाने एक घर पुढे सरकवला. तबकडी बरोबर झाली. आतली मोजणी मात्र मागेच राहिली.

शाळेमागच्या कांताबाईंना घड्याळ वाचता येत नसे, त्या टोले मोजत. त्या दिवशी त्यांच्या प्रभावतीची जालन्याला नर्सिंगची मुलाखत होती आणि गाडी सव्वाआठची. आभाळ भरलेलं होतं. मी आठ दाखवले आणि सात टोले दिले.

“सातच झाले. इतकी जल्दी कशाला? भाकर खाऊन जाय,” कांताबाई म्हणाल्या.

प्रभावती थांब्यावर पोचली तेव्हा गाडी निघून गेली होती. दुसरी थेट दुपारी. शाळेत लोक माझ्याकडे बघून म्हणाले, “घड्याळ बराबर हाय. पोरगीच झोपून राह्यली आसंल.” मला फार लाज वाटली.

सकाळच्या गलबल्यात माझे टोले कुणी मोजले नव्हते. बाराला अकराच टोले पडले आणि गुरुजी ताडकन उठले. “तातेराव, काटा कसा फिरवला?”

संध्याकाळी तातेराव स्वतः कांताबाईंच्या दारात गेले. “घड्याळाचा काटा म्या बोटानं सरकवल्ता, म्हून टोला कमी पडला. पोरीचा कसूर न्हाई.”

“आन् मी तिला जेवाया बसवलं,” कांताबाई एवढंच बोलल्या.

मित्रांनो, मला बदलायचं असेल तर खुशाल बदला, पण माझ्या रीतीने. थोडा वेळ जाईल, तेवढा द्या.

पुढच्या वर्षी प्रभावतीची निवड झाली. मुलाखतीच्या दिवशी मी अगदी बरोबर टोले दिले. ती मात्र उजाडायच्या आधीच थांब्यावर जाऊन बसली होती.